मांडवाखालचा पार्सल

८ नोव्हेंबर. आज मांडव धुवायला काढला. लग्नाचा नव्हे, सुकेळ्यांचा. कमरेएवढ्या उंचीचे बांबूचे पाय, वर कामट्यांची जाळी, एवढाच त्याचा थाट. पावसाळाभर तो मागच्या भिंतीला टेकून उभा असतो आणि कामट्यांवर हिरवट बुरशी धरते. सोड्याचं गरम पाणी, काथ्याची घासणी आणि नंतर दोन दिवसांचं कडक ऊन, एवढं केलं की तो पुन्हा केळी अंगावर घ्यायला तयार होतो.

सासरे खुर्चीत बसून देखरेख करत होते.

“बाय, खालून पन घास. वरून वरून काय घासतेस?”

“खालूनच घासतेय, बाबा. तुम्हाला तिथून दिसत नाही.”

“दिसत नाय, पन ऐकू येतं.”

मी साताऱ्याकडची. लग्न होऊन वसईजवळच्या उमेळ्याला आले तेव्हा केळं सोलून उन्हात वाळवतात, तपकिरी करतात आणि मग कौतुकाने खातात हे पाहून मला हसू आलं होतं. आता आमच्या घरी सुकेळी करणारी मीच. राजेळी जातीचे घड गासहून नणंदेच्या वाडीतून येतात, कारण आमच्या वाडीचा बराचसा भाग आता इमारतींच्या खाली आहे. घड पिकवायचे, सोलायचे, मांडवावर ओळीने मांडायचे, दिवसातून काही वेळा पालटायचे, संध्याकाळी केळीच्या पानांत गुंडाळून घरात घ्यायचे आणि सकाळी परत उन्हात. काम कठीण नाही, पण त्याला सुट्टी नाही. मी औषधांच्या दुकानात काउंटरला असते. दिवाळीनंतरचा एक महिना सकाळची पाळी मागून घेते. मी दुकानात असले की पालटायचं काम बाबांचं.

मांडवाच्या मागच्या डाव्या पायावर दातांच्या खुणा आहेत. बांबूचा वरचा गुळगुळीत थर कुरतडून आतले धागे वर आलेत. आज त्या खुणांवरून घासणी फिरवताना हात जरा हळू झाला. बांबू अजून मजबूत आहे, म्हणून बदलला नाही. दुसरं कारण नाही.

ते दात पार्सलचे. पार्सल हा आमचा कुत्रा.

माझा नवरा विलास कामणला एका गोदामात सुपरवायझर आहे. एका संध्याकाळी तो पुठ्ठ्याचा खोका घेऊन घरी आला. खोक्याचा तळ ओला होता. बाबा पडवीत बसले होते. त्यांनी विचारलं, “कसलं पार्सल आनलंस रे?” खोक्यातून एक काळं नाक बाहेर आलं आणि त्याने शिंक दिली. गोदामात मालाच्या मागे कुत्री व्याली होती, ती गाडीखाली सापडली, हे एकच पिल्लू उरलं होतं, असं विलासने माझ्याकडे न बघता सांगितलं. मी म्हटलं, “हे पार्सल उद्या परत जाईल.” दुसऱ्या दिवशी मी दुकानातून जंताचं औषध आणलं. तेव्हा जोसफिनबाय कुंपणापलीकडून म्हणाली, “परत पाठवायच्या मालाला कोन औषध पाजतं गं?”

जोसफिनबाय आमची शेजारीण. तिचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये अबोलीची एक ओळ आणि तिची जीभ एवढंच अंतर.

मी कुत्र्याचे पापे घेणाऱ्यांतली नाही. त्याला ‘बेटा’ म्हणत नाही, त्याच्या वाढदिवसाला केक कापत नाही. पण प्राणी घरात आला की त्याचं सगळं वेळच्या वेळी व्हायला हवं, एवढं मला कळतं. लशी चुकवल्या नाहीत. रविवारी कान पुसायचे, महिन्यातून एकदा नखं. पाऊस संपता संपता गवतातून गोचिडी अंगावर चढायच्या. तेव्हा मी त्याला पायरीवर आडवा पाडून बोटांच्या बेचक्यांपासून शेपटीच्या बुडख्यापर्यंत तपासायची. चिमट्याने गोचीड ओढायची आणि रॉकेलच्या वाटीत टाकायची. तो डोळे मिटून पडायचा, एखादा गृहस्थ न्हाव्याकडे पडतो तसा. लाड करायचं खातं बाबांकडे होतं. ते ताटातला बोंबील त्याच्याकडे सरकवायचे आणि मी बघितलं की म्हणायचे, “पडला चुकून.” रोज तोच बोंबील, रोज त्याच बाजूला चुकून पडायचा.

दवाखान्यात त्याच्या नावाने कायम गंमत व्हायची. वसई स्टेशनच्या बाजूला एका तरुण डॉक्टर मुलीचा दवाखाना आहे. तिथली मदतनीस दारात येऊन ओरडायची, “पार्सल कोणाचंय?” एकदा जेवण पोचवणारा एक पोरगा दचकून उठला आणि म्हणाला, “मेरा नहीं है मॅडम, मैं तो देने आया हूँ.” सगळा दवाखाना हसला. मांडीवर मांजर घेऊन बसलेल्या एक आजी, ज्या आल्यापासून रडत होत्या, त्याही हसल्या.

सुकेळ्यांच्या दिवसांत पार्सलला नोकरी असायची. मांडवाखाली सावलीत बसायचं आणि कावळा उतरला की भुंकायचं. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. सावलीसाठी तो तिथे बसायला लागला आणि डोक्यावर कामट्यांत नखांची खरखर झाली की चिडायला लागला. वाळत्या केळ्यांचा वास दुपारी फार गोड होतो, जवळजवळ गुळासारखा. त्या वासाला मधमाश्या येतात, मुंग्या येतात, खारी येतात. माश्यांसाठी आम्ही वर जुन्या मच्छरदाणीचं कापड टाकतो. मुंग्यांसाठी मांडवाचे पाय पाण्याच्या वाट्यांत असतात. कावळे आणि खारी पार्सलकडे. संध्याकाळी पगार म्हणून अर्धं सुकेळं. त्याला सगळी गोळ्या-औषधं मी त्यातूनच दिली. सुकेळं चिकट असतं. आत गोळी दाबली की कुत्रा सोडाच, माणसालाही वेगळी काढता येणार नाही.

ही सगळी चांगली वर्षं. त्यांचं फार सांगण्यासारखं काही नसतं.

मग एका वर्षी नवरात्र संपल्यावर अंगणातल्या फरशीवर एक आवाज यायला लागला. खर्र, खर्र. मागचे पाय तो पुरते उचलत नव्हता आणि नखं फरशीवर घासत होती. मी नखं कापली. आवाज गेला नाही. मग नखांच्या वरची कातडी सोलवटली तेव्हा मी त्याच्या मागच्या पायांना लहान मुलाचे जुने मोजे घातले आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरने मणक्यावरून बोटं फिरवली, पंजा उलटा ठेवून बघितला. धडधाकट कुत्र्याने तो झटकन सरळ करायला हवा. पार्सलने तो तसाच उलटा राहू दिला आणि माझ्याकडे बघितलं, जणू पाय माझा होता.

“वय झालंय, ताई,” डॉक्टर म्हणाली. “मणक्याचा प्रॉब्लेम आहे. या वयात सर्जरी मी सजेस्ट नाही करणार. गोळ्या देऊ, मसाज करा. हळूहळू मागची बाजू जाईल.”

हळूहळू म्हणजे दिवाळीपर्यंत. पाडव्याच्या सकाळी पार्सल पुढच्या पायांवर उठला, मागचा भाग उठला नाही, आणि तो तसाच अर्धा बसून राहिला.

मग खरं काम सुरू झालं. उठू न शकणाऱ्या कुत्र्याचं काय काय करावं लागतं, हे पाळण्याआधी कुणी सांगत नाही. जुन्या चादरीची झोळी करून त्याच्या पोटाखालून घ्यायची आणि मागचं अंग उचलून त्याला बाहेर न्यायचं. लघवी आपोआप पूर्ण होत नाही, म्हणून पोटावर कुठे आणि किती दाबायचं ते डॉक्टरने शिकवलं. शिकायला मला वेळ लागला, पण जमलं. मागचे पाय रोज वाकवायचे आणि सरळ करायचे, सायकल चालवल्यासारखे. पाणी तोंडाशी न्यायचं, नाहीतर तो पितच नाही, कारण पाण्यापर्यंत जाणं म्हणजे सगळं अंग ओढणं. जेवण भाताची मऊ पेज आणि उकडलेली कोंबडी, मीठ न घातलेली. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, कूस.

“एकाच कुशीवर ठेवू नका,” डॉक्टरने बजावलं. “दर दोन-तीन तासांनी बाजू बदला. नाहीतर हाडांवर जखमा होतील आणि मग त्या भरत नाहीत.”

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, “म्हंजे पालटायचा. ते जमेल.”

सुकेळ्यांचा हंगाम नुकताच लागत होता. बाबांनी पार्सलला मांडवाखालीच ठेवायचं ठरवलं. केळीची वाळलेली सोपटं, म्हणजे खोडावरचे कागदासारखे झालेले पापुद्रे, थरावर थर घालून त्यांनी गादी केली. वर माझं धुतलेलं फडकं. वरती केळी, खाली कुत्रा. केळी पालटायची वेळ झाली की आधी वरची ओळ पालटायची आणि मग वाकून खालचा. एक हात मानेखाली, एक हात कमरेखाली, पाय स्वतःकडे घेऊन उचलून दुसऱ्या बाजूला. झटका द्यायचा नाही. बाबांची पाठ वाकत नव्हती, म्हणून ते जमिनीवर बसून पालटायचे आणि मग मला किंवा विलासला हाक मारायचे, “मला पन उठवा आता.”

जोसफिनबाय कुंपणावरून बघायची. “काय गं, या वर्षी केळी वाळवतेस की कुत्रा?”

“दोन्ही,” मी म्हटलं. “तुला कुठलं पाठवू?”

ती हसली. नंतर तिने चर्चच्या आवारातल्या दुकानातून कापसाचं मोठं बंडल आणून दिलं आणि पैसे विचारले तर, “कुत्र्याकडून घेईन,” म्हणाली.

आमच्या मागे सात मजली इमारत उभी राहिल्यापासून दुपारचं ऊन लवकर जातं. तिची सावली आधी विहिरीवर येते, मग अबोलीवर, मग मांडवाच्या कोपऱ्यावर. पूर्वी मांडव एका जागी असायचा. आता त्याला सावलीच्या पुढे पुढे सरकवावं लागतं. त्या महिन्यात मांडव सरकवला की पार्सललाही गादीसकट सरकवायचं, कारण कावळ्यांवर भुंकायचं त्याने सोडलं नव्हतं. उठता येत नव्हतं. मान वर करून, वरच्या कामट्यांतून दिसणाऱ्या काळ्या सावलीवर तो एकदाच, कमी आवाजात भुंकायचा. कावळा उडायचा. मला अजून कळत नाही की तेवढ्या आवाजाला कावळा का उडायचा.

नोव्हेंबर हा इथल्या ख्रिस्ती घरांत मृतांची आठवण काढण्याचा महिना. जोसफिनबाय आमच्याकडून अबोली आणि चाफा न्यायची आणि कबरीवर ठेवायला जायची. एकदा जाताना ती पार्सलजवळ थांबली. टोपलीतलं एक फूल काढलं, मग विचार बदलून परत टोपलीत ठेवलं. “अजून नको,” ती म्हणाली. स्वतःशीच म्हणाली, पण बाबांनी ऐकलं आणि तोंड फिरवलं.

आम्ही पालटण्यात हयगय केली नाही. तरी जखम झाली. डाव्या खुब्यावर आधी लाल चट्टा, मग नाण्याएवढी ओली जागा. मीठ-पाण्याने धुवायची, कोरडी करायची, मलम, वर जाळीचं फडकं. माझ्या हातांना हे काम जड नव्हतं. जड होतं ते त्याचं खाणं थांबणं. आधी कोंबडी सोडली, मग पेज. सुकेळं तोंडात घ्यायचा आणि चावायचा नाही. गाल फुगवून तसाच पडून राहायचा. थोड्या वेळाने मी बोट घालून ते बाहेर काढायची आणि आतली गोळी तशीच असायची. तोंडाला वास येऊ लागला. रक्त तपासलं तर मूत्रपिंडं गेलेली. रात्री तो कण्हायचा, फार मोठ्याने नाही, दार वाऱ्याने हलावं तसा.

मी रोज औषधं विकते. कुठलं औषध बरं करण्यासाठी आणि कुठलं नुसतं दिवस काढण्यासाठी, हे चिठ्ठी बघून ओळखते. पार्सलचं काय करायला हवं ते मला आणि विलासला कळलं होतं. बाबांशी कुणी बोलायचं, एवढाच प्रश्न होता. विलास म्हणाला, “डॉक्टरच सांगेल की.” म्हणून आम्ही बाबांनाही बरोबर नेलं.

बाबा घरात आमच्या वाडीची बोली बोलतात. ती मला इतक्या वर्षांनी कळते सगळी, पण लिहिता येत नाही, म्हणून इथे मी त्यांना बरंचसं माझ्यासारखंच बोलायला लावलंय. डॉक्टर, बँकवाले, पोस्टातल्या बाई, यांच्यासमोर ते खुर्चीत ताठ बसतात आणि जपून, पुस्तकातलं बोलतात. त्या दिवशीही तसेच बसले. पार्सल टेबलावर चादरीत होता. डॉक्टरने त्याची हिरडी बघितली, छाती ऐकली आणि बाबांच्या शेजारच्या स्टुलावर बसली. चांगली मुलगी आहे. उभ्याने बोलली नाही.

“आजोबा,” ती म्हणाली, “खूप केलंत तुम्ही त्याचं. आता त्याला त्रास होतोय. मला वाटतं, आपण त्याला शांतपणे झोपवूया.”

बाबांनी लगेच मान हलवली. “झोपवा, झोपवा. आपले उपकार होतील.”

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी विलासकडे बघितलं. एवढं सोपं होईल असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं. विलासने डोळे पुसले. डॉक्टर आत औषध भरायला गेली. बाबा टेबलाजवळ आले आणि त्यांनी पार्सलच्या कानामागे खाजवलं.

“किती रात्री डोळा लागला नाय याचा,” ते मला म्हणाले. “आता झोपेल पोटभर. उठल्यावर भूक लागेल त्याला. घरी गेल्यावर पेज टाक. पातळ कर.”

विलासने भिंतीकडे तोंड केलं.

माझ्या हातात चादरीचं टोक होतं. आतल्या खोलीत काचेची बाटली ठेवल्याचा आवाज आला. मी काही बोलले नसते तर पुढच्या थोड्या वेळात सगळं संपलं असतं. बाबांना घरी नेऊन सांगता आलं असतं की झोपेतच गेला. त्यांनी ते मानलंही असतं. डॉक्टर काही खोटं बोलली नव्हती. आजकाल सगळे तसंच म्हणतात. पण ज्या माणसाने त्या कुत्र्याला इतके दिवस दर दोन तासांनी पालटलं, त्याच्या तोंडून निघालेला तो होकार ह्या गोष्टीला नव्हता. तो पेजेला होता.

“बाबा,” मी म्हटलं. “उठणार नाही तो.”

“आज नाय तर उद्या उठेल.”

“उद्या पण नाही. ते इंजेक्शन जीव जाण्याचं असतं. डॉक्टर तेच विचारत होती.”

बाबांनी कानामागचा हात काढला नाही. डॉक्टर दारात येऊन थांबली होती आणि तिच्या हातात सिरिंज होती. ती तिने पाठीमागे घेतली. बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग ते पुस्तकातलं बोलणं सोडून आमच्या बोलीत एवढंच म्हणाले की घरी चला. चादरीचं एक टोक त्यांनी स्वतः धरलं. रिक्षात पार्सलचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं आणि सगळ्या रस्त्याने ते बाहेर बघत होते.

विलास मला रात्री म्हणाला, “नसतं सांगितलं तर?”

“मग तू सांगायचं होतंस काहीतरी,” मी म्हटलं. त्यावर आम्ही दोघं झोपलो. म्हणजे आडवे झालो.

त्या दिवसापासून बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. मी समोर उभी असताना विलासला सांगायचे, “तिला सांग, गरम पानी आन.” मी आणून ठेवायची. पालटण्याची वेळ चुकली नाही. उलट मी दुकानातून आले की बाबा आधीच मांडवाखाली बसलेले असायचे. वरची केळी पालटली आहेत की नाही हे विचारायची सोय नव्हती, म्हणून मी वाकून बघायची. पालटलेली असायची. डॉक्टर दुखणं कमी करायचं औषध पाठवत होती. ते मी जिभेखाली सोडायची. त्याने कण्हणं थांबायचं आणि काही तासांनी परत सुरू व्हायचं. दुसऱ्या खुब्यावरही जखम झाली. आता कुठल्याही कुशीवर ठेवलं तरी जखमेवरच ठेवल्यासारखं होतं.

हे दिवस पार्सलला माझ्या एका वाक्यामुळे काढावे लागले. मला ते माहीत आहे. त्याबद्दल मी माझ्याशी पुष्कळ बोलले आहे आणि कधीच एका बाजूला आलेले नाही. तो मुका होता, त्याला विचारता येत नव्हतं. बाबांना विचारता येत होतं. मी एकाचं दुखणं लांबवलं ते दुसऱ्याला फसवायचं नाही म्हणून. हे बरोबर होतं असं मी कुणाला समजावून सांगू शकणार नाही. पुन्हा ती वेळ आली तर मी वेगळं वागेन, असंही वाटत नाही.

सुकेळं तयार झालं की नाही हे बाबा अंगठ्याने बघतात. मधोमध हलकेच दाबायचं. अंगठा उचलल्यावर खळगा वर आला तर आत अजून ओल आहे. तसाच राहिला तर झालं. झालेलं सुकेळं पालटत राहिलं तर ते चामड्यासारखं होतं, म्हणून वेळेवर थांबावं लागतं. त्या हंगामातला शेवटचा घाणा मांडवावर होता. सावली अबोलीवर आली होती आणि मी मांडव सरकवायला आले होते. बाबा ओळीने अंगठा लावत जात होते. एक, दुसरं, तिसरं. मग ते खाली बसले. पार्सलच्या फासळ्यांवर त्यांनी हात ठेवला. पार्सलने डोळे उघडले आणि कावळा नसतानाही वर बघितलं. मी मानेखाली हात घालायला वाकले, कारण पालटायची वेळ झाली होती.

बाबांनी माझं मनगट धरलं.

“झालं,” ते म्हणाले. “आता पालटायचं नाय.”

मी वर केळ्यांकडे बघितलं. “सुकेळी काढू का उतरवून?”

“सुकेळ्यांना अजून एक ऊन पायजे,” बाबा म्हणाले.

आम्ही दोघं तिथेच खाली बसून राहिलो. इतक्या दिवसांनी ते माझ्याशी बोलले होते, पण त्याचं आम्हा दोघांनाही काही वाटलं नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, “त्या मुलीला इथंच बोलाव. तिकडं टेबलावर नको.”

डॉक्टर दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखाना बंद करून स्कूटरवर आली. बाबा मांडवाखाली बसले होते, मांडीवर पार्सलचं डोकं. तिला वाकून आत जावं लागलं. तिने पायावरचे केस काढले. या वेळी ती झोपवण्याबद्दल काहीच बोलली नाही. नीट, एकेक शब्द सांगितलं, आधी हे देईन, मग ते, मग हृदय थांबेल.

“दुखेल?” बाबांनी विचारलं.

“नाही, आजोबा. सुई टोचेल तेवढंच.”

“मग झोपव,” बाबा म्हणाले.

मी अर्धं सुकेळं बारीक करून त्याच्या ओठाला लावलं. त्यात गोळी नव्हती. त्याने जीभ बाहेर काढून ते चाटलं. गिळलं की नाही ते मला दिसलं नाही. त्याचा श्वास लांब झाला, मग आणखी लांब, आणि डॉक्टरने स्टेथोस्कोप छातीवरून उचलला. जोसफिनबाय कुंपणापाशी उभी होती. विलासने वाडीच्या टोकाला चाफ्याखाली खड्डा खणून ठेवला होता. मातीवरून हात फिरवून बाबा उठले तेव्हा जोसफिनबाय तिची टोपली घेऊन आली आणि तिने सगळी फुलं तिथेच उपडी केली.

आज मांडव धुऊन झाला आहे. बाबांनी खुर्चीतून उठून, जवळ येऊन, खालून हात लावून तपासला आणि “बरा घासलास” म्हणाले. परवा गासहून घड येतील. विलासच्या गोदामात पुन्हा कुठलीतरी कुत्री व्याली आहे, असं तो काल जेवताना म्हणाला. बाबा ताटात बघत जेवत राहिले, तेव्हा त्याने वरण मागितलं.

त्या वर्षी पार्सल गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळी उठले. सुकेळ्यांना ते राहिलेलं एक ऊन द्यायचं होतं. पानांच्या गुंडाळ्या उघडून मी केळी मांडवावर मांडली. मग खालची कामं केली. दबलेली सोपटं गोळा करून खताच्या खड्ड्यात टाकली. फडकी उकळत्या पाण्यात घातली. मोजे धुऊन वाळत टाकले. उरलेलं मलम झाकण घट्ट करून कपाटात ठेवलं, कुणाला लागलं तर. ऊन वर आलं तशी वरची ओळ पालटली, आणि सवयीने खाली वाकले. हात पुढे गेले आणि रिकाम्या फरशीला लागले.

सरळ होतेय तोवर वर खरखर झाली. कावळा मांडवावर उतरला होता. मी “हाड” म्हटलं. तो दोन पावलं सरकला आणि मच्छरदाणीचं कापड चोचीने उचलायला लागला. मी टाळी वाजवली. तो उडून कुंपणावर बसला आणि परत आला.

मग मी चुलीजवळची काठी घेतली, पदर खोचला आणि मांडवाखाली शिरून बसले. कामट्यांतून उन्हाच्या पट्ट्या अंगावर पडत होत्या आणि वरून केळ्यांचा गोड वास येत होता. बाबा पडवीत आले. त्यांनी मला तिथे बसलेली बघितलं.

“दुकानात जायचं नाय?”

“रजा टाकलीय.”

“किती वेळ बसशील?”

“ऊन आहे तोवर,” मी म्हटलं, आणि डोक्यावर सावली हलली तशी काठीने कामटी ठोकली.